तुलनेची नीती : इंडोनेशिया आणि पूर्व तिमोर

१

'तिमोर' हे नाव मलय भाषेतील 'तिमुर' म्हणजे 'पूर्व' या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. पश्चिमेकडील बंदरांतून निघणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे बेट पूर्वेला होते. बेटावर राहणाऱ्याच्या दृष्टीने ते कशाच्याच पूर्वेला नव्हते. पुढे बेटाच्या पूर्वार्धाला 'पूर्व तिमोर' म्हटले जाऊ लागले आणि नावाचा शब्दशः अर्थ 'पूर्वेची पूर्व' असा झाला. २० मे २००२ रोजी स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने 'तिमोर-लेस्ते' हे नाव अधिकृतपणे स्वीकारले तेव्हाही ही द्विरुक्ती टिकून राहिली. तिचा एक घटक मलय आणि दुसरा पोर्तुगीज, एवढेच. लहान देशाचे नावच मुळी दुसऱ्या कोणाच्या तरी उभे राहण्याच्या जागेवरून पडलेले असावे, ही गोष्ट केवळ व्युत्पत्तिशास्त्राच्या कुतूहलाची नाही. त्या देशाकडे पाहण्याआधीच तुलना सुरू झालेली होती, असा तिचा अर्थ आहे.

आकड्यांची तुलना तर फारच सोपी आहे. एका बाजूला सतरा हजारांहून अधिक बेटांचा आणि सत्तावीस कोटींहून अधिक लोकसंख्येचा इंडोनेशिया. दुसऱ्या बाजूला सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि २०२२ च्या जनगणनेनुसार साडेतेरा लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येचा तिमोर-लेस्ते. हे आकडे खरे आहेत. परंतु ते शेजारी शेजारी मांडले जाताच त्यांतून एक निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो : जे लहान आहे ते अपुरे आहे. दोन परिमाणांमधील फरक हा एका बाजूच्या उणिवेत केव्हा रूपांतरित होतो, हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

तौलनिक साहित्याभ्यासाला ही अडचण अपरिचित नाही. ऋणको आणि धनको अशी साहित्यांची वर्गवारी करणाऱ्या प्रभाव-अभ्यासावर जो आक्षेप घेतला जातो तो नेमका हाच, की तेथे एका साहित्याचे वाङ्मयप्रकार हे माप ठरते आणि दुसरे साहित्य हे मापले जाणारे द्रव्य ठरते. होसे रिझाल याच्या 'नोली मे तांगेरे' (१८८७) या कादंबरीतील नायक युरोपातून मनिलाला परततो. तेथील वनस्पतिउद्यान पाहताना त्याला युरोपातील उद्याने आठवतात, आणि त्यानंतर समोरचे उद्यान त्याला केवळ त्याचे स्वतःचे म्हणून पाहताच येत नाही. बेनेडिक्ट अँडरसन यांनी या प्रसंगातूनच आपल्या १९९८ च्या ग्रंथाचे शीर्षक घेतले. 'तुलनेचे भूत' असे ते मराठीत म्हणता येईल. रिझालच्या नायकाला हे भूत बाधते ते वसाहतीतील सुशिक्षिताच्या नात्याने. प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वसाहतवादाशी लढून स्वतंत्र झालेला मोठा देश जेव्हा आपल्या लहान शेजाऱ्याशी तुलना करू लागतो, तेव्हा त्या तुलनेचे नैतिक स्वरूप काय असते? आणि असमानांमधील तुलना न्याय्य असू शकते का?

२

पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही कोसळली आणि तिमोरच्या भवितव्याचा प्रश्न खुला झाला. त्यापूर्वीच्या दशकात इंडोनेशियाने संयुक्त राष्ट्रांत आपला पोर्तुगीज तिमोरवर दावा नसल्याचे सांगितले होते. या भूमिकेला तत्त्वाचा आधारही होता. डच ईस्ट इंडीजच्या सीमा त्याच आपल्या सीमा, या न्यायाने इंडोनेशियाने स्वतःचे राष्ट्रक्षेत्र सिद्ध केले होते, आणि त्या न्यायाने पोर्तुगीज तिमोर हा त्याच्या बाहेर पडत होता. जून १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री अदम मलिक यांनी जुझे रामुश-होर्ता यांना जे पत्र दिले त्यात स्वातंत्र्य हा प्रत्येक राष्ट्राचा हक्क असून तिमोरची जनता त्याला अपवाद नाही, असा निर्वाळा होता. इंडोनेशियाच्या १९४५ च्या राज्यघटनेची उद्देशिकाही याच विधानाने सुरू होते.

दीड वर्षात हे सारे मागे पडले. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेतिलिन या पक्षाने स्वातंत्र्य घोषित केले. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य दिलीत उतरले आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये हा प्रदेश सत्ताविसावा प्रांत म्हणून जाहीर झाला. शीतयुद्धाचे राजकारण, साम्यवादाचे भय, शेजारील राष्ट्रांची संमती ही या घटनेची कारणे इतिहासकारांनी तपशिलाने सांगितली आहेत. नैतिक विचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या कृतीला मिळालेले समर्थन. एवढासा प्रदेश स्वतंत्र राष्ट्र म्हणून टिकूच शकणार नाही, हे त्या समर्थनाचे मुख्य सूत्र होते. सप्टेंबर १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी सुहार्तो यांच्या भेटीत याच अर्थाचे मत व्यक्त केले होते.

'टिकण्याची क्षमता' या संकल्पनेकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. वरकरणी ते वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे : अमुक साधनसामग्री नाही, म्हणून अमुक राज्य चालणार नाही. परंतु त्यातून 'म्हणून त्याने स्वतंत्र होऊ नये' असा आदेश काढला जातो तेव्हा वस्तुस्थिती आणि कर्तव्य यांच्यामधील अंतर कोणीतरी गुपचूप ओलांडलेले असते. एखादा माणूस एकट्याने घर चालवू शकणार नाही, हे भाकीत खरे ठरले तरी त्यामुळे शेजाऱ्याला त्याच्या घरात शिरण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. शिवाय भाकीत करणाऱ्याच्याच हाती ते खरे ठरवण्याची साधने असली, तर त्याला भाकीत म्हणणेही कठीण होते. इंडोनेशियाच्या बाबतीत विसंगती अधिकच तीव्र आहे. कारण परक्या सत्तेने वसाहतीतील लोकांच्या पात्रतेचा न्यायनिवाडा करणे हेच डच राजवटीचे लक्षण म्हणून त्या राष्ट्राने नाकारले होते. पात्रता सिद्ध झाल्यावर स्वातंत्र्य, हा क्रम १९४५ मध्ये जकार्ताने मानला नाही. १९७५ मध्ये दिलीसाठी तोच क्रम तिने पुन्हा प्रस्थापित केला.

३

व्यापल्यानंतरच्या काळात तुलनेचे स्वरूप बदलले. 'टिकू शकणार नाही' या युक्तिवादाची जागा 'आम्ही काय दिले' या युक्तिवादाने घेतली. पोर्तुगीजांनी शतकानुशतके या प्रदेशाची उपेक्षा केली होती, हे खरेच होते. इंडोनेशियाने रस्ते, शाळा, दवाखाने बांधले, हेही खरे होते. या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की उपकाराचा हिशेब तयार होतो, आणि त्या हिशेबात तिमोरी जनतेच्या प्रतिकाराला एकच नाव उरते : कृतघ्नता.

या हिशेबातून काय वगळले जाते, ते पूर्व तिमोरच्या सत्यशोधन आयोगाच्या २००५ च्या अहवालाने नोंदवले. १९७४ ते १९९९ या काळात संघर्षाशी निगडित मृत्यूंची किमान संख्या आयोगाने सुमारे १,०२,८०० इतकी अंदाजली. त्यांपैकी सुमारे १८,६०० जण मारले गेले वा नाहीसे केले गेले. उरलेले सुमारे ८४,२०० मृत्यू उपासमार आणि आजार यांमुळे झाले. 'शेगा!' म्हणजे 'पुरे!' हे त्या अहवालाचे शीर्षक. सात लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या प्रदेशात या आकड्यांचा अर्थ काय होतो, हे सांगण्यासाठी विशेषणांची गरज नाही. येथे लहानपणाचा एक वेगळाच पैलू पुढे येतो. मोठ्या देशाच्या लोकसंख्येत जी संख्या नगण्य म्हणून विरून जाते, ती लहान समाजात प्रत्येक घरापर्यंत पोहोचलेली असते.

उपकाराच्या युक्तिवादाची परीक्षा १९९९ मध्ये झाली. सुहार्तो यांच्या पदत्यागानंतर आलेले अध्यक्ष बी. जे. हबीबी यांनी लोकमत अजमावण्यास मान्यता दिली. ३० ऑगस्ट १९९९ रोजी नोंदणीकृत मतदारांपैकी जवळजवळ सर्वांनी मतदान केले आणि ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारली. त्यानंतरच्या आठवड्यांत इंडोनेशियाच्या सैन्याने पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांनी प्रदेशातील बहुतांश इमारती व सोयी उद्ध्वस्त केल्या. ज्यांचा दाखला देऊन कृतज्ञतेची मागणी केली जात होती, त्याच शाळा आणि तेच दवाखाने जाळले गेले. दान घेणाऱ्याने दात्याशी असहमती दाखवताच दान परत घेतले जात असेल, तर ते पहिल्यापासून दान नव्हते. ती किंमत होती, आणि तिच्या मोबदल्यात काय विकले जात आहे हे विकणाऱ्याला कोणी विचारलेले नव्हते.

४

येथपर्यंत 'मोठा देश' हा शब्दप्रयोग जणू एखाद्या व्यक्तीचे नाव असावे तसा केला गेला. ही सोय विचाराला घातक आहे, आणि ती सोडण्यास इंडोनेशियाचे साहित्यच भाग पाडते. प्रमुद्या अनंता तुर यांना याच राज्यसत्तेने १९६९ ते १९७९ या काळात बुरू बेटावर विनाचौकशी डांबून ठेवले. वसाहतकाळात एका राष्ट्राची जाणीव कशी घडते याचा शोध घेणाऱ्या त्यांच्या कादंबऱ्या प्रथम सहबंद्यांना तोंडी सांगितल्या गेल्या, आणि त्यांतील पहिली कादंबरी १९८० मध्ये प्रसिद्ध होताच थोड्याच काळात तिच्यावर बंदी आली. आपल्या राष्ट्राच्या जन्माची कथा आपल्याच नागरिकांपासून लपवणारे राज्य शेजाऱ्याच्या राष्ट्रत्वाला मान्यता देईल, ही अपेक्षाच फोल होती.

सेनो गुमिरा अजिदार्मा यांचे उदाहरण अधिक थेट आहे. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीतील सांता क्रूझ दफनभूमीत जमलेल्या निःशस्त्र लोकांवर सैन्याने गोळीबार केला. अजिदार्मा ज्या नियतकालिकाच्या संपादक मंडळात होते त्याने या घटनेविषयीचे वृत्त छापले, आणि परिणामी त्यांना संपादकपदावरून दूर व्हावे लागले. त्यानंतर त्यांनी कथा लिहिल्या. १९९४ च्या 'साक्सी माता', म्हणजे 'प्रत्यक्षदर्शी साक्षीदार', या संग्रहातील शीर्षककथेत साक्षीदार न्यायालयात येतो तो डोळे उपटले गेलेल्या अवस्थेत. न्यायालय कामकाजाच्या शिस्तीची चिंता करते, आणि साक्षीदार आपल्याला जे दिसले ते सांगू पाहतो. दुसऱ्या एका कथेत सैनिक आपल्या प्रेयसीला भेट म्हणून कापलेले कान पाठवतो. घटनास्थळाचे नाव न घेताही वाचकांना ते कळत होते.

या कथांचे नैतिक मूल्य त्या 'तिमोरची बाजू घेतात' एवढ्यापुरते नाही. त्या तिमोरी माणसाच्या मुखाने बोलण्याचा दावा करीत नाहीत. त्या इंडोनेशियाच्या वाचकाला इंडोनेशियाच्या भाषेत, त्याचे स्वतःचे न्यायालय आणि त्याचा स्वतःचा सैनिक दाखवतात. तुलनेची दिशा येथे उलटते. लहान देशाला मोठ्याच्या मापाने मोजण्याऐवजी मोठा देश स्वतःच्या घोषित तत्त्वांच्या मापाने मोजला जातो. असमानांमधील तुलना न्याय्य असू शकते का, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर येथे मिळते. जो माप हाती घेतो त्याने ते प्रथम स्वतःला लावलेले असले पाहिजे.

भाषेचा इतिहासही याच गुंतागुंतीची साक्ष देतो. १९२८ च्या युवक-शपथेत राष्ट्रभाषा म्हणून मलय भाषेचा पुरस्कार झाला. संख्येने सर्वांत मोठ्या जावी समाजाची भाषा निवडली गेली नाही. बहुसंख्याकांनी आपले माप बाजूला ठेवल्याचे हे आधुनिक आशियातील दुर्मीळ उदाहरण आहे. तीच भाषा १९७५ नंतर तिमोरच्या शाळांत सक्तीने आली. परंतु त्याच शाळांत शिकलेल्या मुलांनी वसाहतवादाविरुद्धच्या इंडोनेशियाच्या लढ्याचा इतिहास वाचला, तो आपल्या स्थितीला लावून पाहिला, आणि पुढे इंडोनेशियाच्या विद्यापीठांतून स्वातंत्र्याची चळवळ इंडोनेशियाच्याच भाषेत चालवली. मोठ्या देशाचे पाठ्यपुस्तक लहान देशाने त्याच्या लेखकांपेक्षा अधिक गांभीर्याने वाचले, असे म्हणावे लागते.

५

मोठेपणा हा अधिकार नव्हे, हे सिद्ध झाले म्हणून लहानपणा हा सद्गुण ठरत नाही. पीडिताविषयीच्या सहानुभूतीने लिहिणाऱ्यांना हे दुसरे विधान अवघड जाते. फ्रान्सिस्कु बोर्जा दा कोश्ता या कवीची आक्रमणाच्या दिवशीच हत्या झाली आणि त्याचे गीत पुढे राष्ट्रगीत झाले. अशा इतिहासासमोर प्रश्न विचारणे अनुदार वाटू शकते. तरीही आक्रमणापूर्वी ऑगस्ट १९७५ मध्ये तिमोरी पक्षांमध्येच यादवी झाली होती, आणि दोन्ही बाजूंनी केलेल्या हत्यांची नोंद तिमोरच्या स्वतःच्या आयोगाने घेतली आहे. २००६ मध्ये सैन्यातून काढलेल्या सैनिकांच्या तक्रारीतून जो उद्रेक झाला त्यात देशाच्या 'पूर्वे'चे आणि 'पश्चिमे'चे लोक एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि सुमारे दीड लाख लोकांना घरे सोडावी लागली. 'पूर्वेची पूर्व' या नावात दडलेली विभागणी त्या लहान भूमीच्या आतही उगवली.

भाषाविषयक धोरणात हाच प्रश्न शांत स्वरूपात दिसतो. राज्यघटनेने तेतुम आणि पोर्तुगीज या भाषांना अधिकृत दर्जा दिला. इंडोनेशियन आणि इंग्रजी यांना व्यवहारभाषा म्हणून जागा मिळाली. परदेशांत वा डोंगरांत राहून लढलेल्या नेतृत्वाला पोर्तुगीज ही प्रतिकाराची भाषा वाटत होती. इंडोनेशियाच्या राजवटीत शिकलेल्या पिढीला मात्र तीच भाषा आपल्याला नोकरी आणि न्यायालय यांपासून दूर ठेवणारी वाटली. फाताळुकू, मकासाए, माम्बाए अशा इतर भाषा बोलणाऱ्यांच्या दृष्टीने तेतुमही शेजारच्या मोठ्याची भाषा आहे. लहान राष्ट्राच्या आत आणखी लहान असतात, आणि त्यांच्यासमोर ते राष्ट्र मोठे असते. 'मोठा' आणि 'लहान' ही देशांची गुणवैशिष्ट्ये नसून संबंधांतील स्थाने आहेत, हे एकदा मान्य केले की कोणत्याही समाजाला कायमचे निर्दोष स्थान उरत नाही.

६

मराठी वाचकासाठी या चर्चेतील एक दुवा टाळता येण्याजोगा नाही. अठराव्या शतकात तिमोरचा कारभार गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या अधिकाराखाली चालत असे. १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केला. या उदाहरणाचा आधार पुढे तिमोरच्या संदर्भात घेतला गेला, आणि डिसेंबर १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंडोनेशियाला माघारीचे आवाहन करणाऱ्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता. दोन्ही घटनांमध्ये भेद आहेत, आणि ते लहान नाहीत. गोव्यात पोर्तुगीज सत्ता अस्तित्वात होती व ती वाटाघाटींना नकार देत होती. तिमोरमध्ये ती निघून गेली होती आणि तेथील लोकांनी स्वतःचे राज्य घोषित केले होते. पंचवीस वर्षांचा प्रतिकार आणि एक लाख मृत्यू यांच्याशी तुलना करता येईल असे गोव्यात काही घडले नाही. मात्र १९६१ मध्येही लोकांना विचारले गेले नव्हते, ही नोंद प्रामाणिकपणे करावी लागते.

विचारले गेले ते १६ जानेवारी १९६७ रोजी, आणि त्या वेळी प्रश्न महाराष्ट्रात विलीन होण्याचा होता. सुमारे चौतीस हजार मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. त्या काळच्या मराठी युक्तिवादांत 'एवढासा प्रदेश स्वतंत्रपणे काय टिकणार' आणि 'कोकणी ही मराठीचीच बोली' ही दोन सूत्रे वारंवार येत असत. त्यांतील दुसरे सूत्र भाषाशास्त्राच्या परिभाषेत मांडले जाई. परंतु भाषा कोणती आणि बोली कोणती हे ठरवणारे माप कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यात विचारला जात नसे. गोव्यात मराठीवर मनापासून प्रेम करणारा आणि विलीनीकरणाच्या बाजूने मत देणारा समाजही मोठा होता, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्राने तो कौल मानला. कोणतीही शाळा जाळली गेली नाही. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही कायद्यात स्थान राहिले, आणि त्याच वर्षी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. दुसऱ्याच्या अहंतेची चिकित्सा करणे सोपे असते. तिची भाषा आपल्याही वाङ्मयीन चर्चाविश्वात, सौम्य रूपात का होईना, बोलली गेली आहे, ही जाणीव त्या चिकित्सेला अधिक विश्वसनीय करते.

७

स्वातंत्र्यानंतर तिमोर-लेस्तेच्या दारिद्र्याकडे, तेलाच्या उत्पन्नावरील अवलंबित्वाकडे आणि बेकारीकडे बोट दाखवून 'यातून काय मिळवले' असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न अयोग्य नाही. तिमोरी नागरिक तो आपल्या राज्यकर्त्यांना निवडणुकांतून विचारत आले आहेत, आणि सत्तांतरे घडवून आणत आले आहेत. परंतु तोच प्रश्न बाहेरून विचारला जातो तेव्हा त्यात एक गृहीत लपलेले असते : स्वातंत्र्य हे रस्ते आणि दवाखाने यांच्याप्रमाणेच हिशेबाच्या वहीतील एक कलम आहे. वस्तुतः वहीत कोणती कलमे असावीत हे ठरवण्यात सहभागी होण्याचा अधिकार म्हणजे स्वातंत्र्य. त्यामुळे ते इतर कलमांच्या रांगेत मांडता येत नाही. ते अपयशाविरुद्धचा विमाही नाही. स्वतंत्र लोक चुकू शकतात, आणि ती चूक त्यांची असते.

दोन्ही देशांनी मिळून नेमलेल्या सत्य आणि मैत्री आयोगाने २००८ मध्ये दिलेला अहवाल या दृष्टीने लक्षणीय आहे. १९९९ च्या अत्याचारांबाबत इंडोनेशियाच्या सैन्याची, पोलिसांची आणि नागरी प्रशासनाची संस्थात्मक जबाबदारी त्याने नोंदवली. स्वातंत्र्यवादी गटांकडून झालेल्या गैरकृत्यांचीही दखल घेतली. इंडोनेशियाने खेद व्यक्त केला. व्यक्तींवर खटले मात्र उभे राहिले नाहीत, आणि पीडितांच्या दृष्टीने हा अपुरेपणा गंभीर आहे. लहान देशाच्या नेतृत्वाने न्यायापेक्षा शेजारधर्म पसंत केला, असे त्याचे वर्णन केले जाते. ही पसंती कितपत मुक्त होती? तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला इंडोनेशियाची सीमा असलेल्या राष्ट्राची क्षमाशीलता आणि त्याची अगतिकता यांच्यामधील रेषा आखणे सोपे नाही. क्षमेचे श्रेय देताना ती नाकारण्याचे सामर्थ्य क्षमा करणाऱ्याजवळ होते का, हे पाहावेच लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्तेला आसियान संघटनेचे अकरावे सदस्यत्व मिळाले. आता दोन्ही देश एका मेजाभोवती, नियमाप्रमाणे समान सदस्य म्हणून बसतात. सांता क्रूझच्या दफनभूमीतील अनेक मृतांचे अवशेष मात्र अजून त्यांच्या कुटुंबीयांना मिळालेले नाहीत.

असमानांमधील तुलना सोडून देता येत नाही. ती सोडली तर अन्यायाचे वर्णन करण्याची भाषाच हातून जाते. तिच्यावर अटी मात्र घालता येतात. माप प्रथम मापणाऱ्याला लावले जावे. ज्याला मापले जात आहे त्याला ते माप नाकारता यावे. आणि त्याने नकार दिल्यावरही त्याचे घर शाबूत राहावे. यांतील पहिली अट अजिदार्मांसारख्या लेखकांनी पाळली. दुसरी अट ३० ऑगस्ट १९९९ रोजी मतदानाच्या रांगांत उभ्या राहिलेल्या लोकांनी स्वतःच्या बळावर मिळवली. तिसरी अट पाळणे हे मोठ्याच्या हाती होते, आणि तीच मोडली गेली.